ॲक्टा ए चा इम्पॅक्ट फॅक्टर पन्नासला कसा टेकला

२०१० चा जून. कॉलेज नुकतं उघडलेलं, ॲडमिशनची गर्दी, स्टाफरूमच्या खिडकीतून पावसाची झड आत येतेय आणि आमच्या डिपार्टमेंटचे एक सीनियर सर नवीन जर्नल सायटेशन रिपोर्टमधल्या टॉप जर्नल्सची प्रिंट हातात घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आले. "अहो मॅडम, तुमच्या क्रिस्टलवाल्यांनी काय केलं हे?" लिस्ट इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे लावलेली होती, म्हणजे जर्नलमधल्या एकेका लेखाला सरासरी किती सायटेशन्स मिळाली, दुसऱ्यांनी आपल्या पेपरात त्याचा किती वेळा रेफरन्स दिला, त्या आकड्याप्रमाणे. एक नंबरला सीए नावाचं कॅन्सरचं जर्नल, ८७.९२५, त्याचं काही नवल नाही. दोन नंबरला ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका सेक्शन ए, ४९.९२६. आणि त्याच्या खाली, खाली बरं का, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन ४७.०५०, त्याच्याही बरंच खाली नेचर ३४.४८० आणि सायन्स २९.७४७.

सरांचं म्हणणं, प्रिंटिंग मिस्टेक आहे, दशांश चिन्ह एक घर सरकलंय, ४.९९ असणार. तसं असतं तरी धक्काच होता, कारण मागच्या वर्षी याच जर्नलचा आकडा होता २.०५१. सेक्शन ए म्हणजे क्रिस्टलोग्राफीतलं थिअरीचं जर्नल, सिमेट्री, डिफ्रॅक्शनचं गणित, फेज काढायच्या पद्धती असला मजकूर, वाचणारे मोजके. चांगलं, जुनं, इज्जतदार जर्नल. पण नेचरच्या वर?

मिस्टेक नव्हती. आकडा बरोबर होता, आणि तेच मला या सगळ्यात सगळ्यात मजेशीर वाटतं.

कारण शोधायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, ते माझ्याच पीसीवर होतं. शेलएक्स. ज्यांनी सिंगल क्रिस्टलचं काम केलंय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. क्रिस्टलवर एक्स-रे मारले की हजारो ठिपके मिळतात, प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजायची आणि त्यावरून उलटं जाऊन आत कुठला अणू कुठे बसलाय ते काढायचं, आणि हे हाताने होत नाही, त्याला प्रोग्रॅम लागतो. तो प्रोग्रॅम जॉर्ज शेल्ड्रिक या माणसाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये असताना फोरट्रानमध्ये लिहायला घेतला, पंच कार्डांच्या जमान्यात, पुढे ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि प्रोग्रॅम वाढत गेला, शेलएक्स-७६, मग ८६, ९३, ९७. कॉलेज-युनिव्हर्सिटीवाल्यांना फुकट. त्यामुळे जगात जिथे जिथे डिफ्रॅक्टोमीटर आहे तिथे तिथे हा.

काम कसं चालतं ते एकदा बघाच. नोटपॅडमध्ये एक आयएनएस फाइल उघडायची, वरती सेलची मापं, सिमेट्री, कुठले अणू किती, मग चार-चार अक्षरी कमांड, तळाला एचकेएलएफ ४. रन मारायचा, की आरईएस फाइल बाहेर येते, त्यात क्यू १, क्यू २ असे शिल्लक राहिलेले पीक, त्यातला कुठला खरा कार्बन आणि कुठला कचरा हे डोळ्यांनी ठरवायचं, नावं द्यायची, आरईएसला परत आयएनएस करायचं, परत रन. मी पीएचडीला असताना रात्री अकरापर्यंत हेच करत बसायचे, आर व्हॅल्यू (मॉडेल आणि मोजमाप यांतला फरक, कमी तितका चांगला) ९ टक्क्यांवरून ७, सातवरून साडेपाच, हायड्रोजन बसवले की ४ च्या आसपास, आणि मग खाली जाऊन चहा. शेवटी सिफ फाइल (स्ट्रक्चरची सगळी माहिती असलेली) बनवायची तर त्याच्या कमांडचं नावच आहे ॲक्टा! प्रोग्रॅम आणि जर्नल यांचं नातं इतकं घरगुती.

आणि स्ट्रक्चर झालं की पेपरात एक वाक्य यायचं. शेलएक्सएस-९७ वापरून डायरेक्ट मेथडने स्ट्रक्चर सोडवलं, शेलएक्सएल-९७ ने एफ स्क्वेअरवर फुल मॅट्रिक्स लीस्ट स्क्वेअर्स रिफाइनमेंट केली. प्रत्येक पेपरात हेच. सगळे मागच्या पेपरातून कॉपी-पेस्ट करतात, मीही केलंय, आणि त्या वाक्याच्या शेवटी रेफरन्स. २००८ पर्यंत तो रेफरन्स असायचा: शेल्ड्रिक, १९९७, प्रोग्रॅमचं नाव, युनिव्हर्सिटी ऑफ ग्योटिंगेन, जर्मनी. बास. जर्नल नाही, व्हॉल्यूम नाही, पान नाही. साईट होतोय हजारो वेळा, पण कुठल्याच जर्नलच्या खात्यात जमा होत नाहीये, कारण तो जर्नलमधला पेपरच नाही, तो एक सॉफ्टवेअर.

मग जानेवारी २००८. ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका १९४८ साली सुरू झालं, म्हणजे साठ वर्षं होत होती, आणि सेक्शन ए च्या त्या अंकात शेल्ड्रिकनी ११ पानांचा एक लेख लिहिला, शेलएक्सचा छोटासा इतिहास, पानं ११२ ते १२२. लेख खरंच वाचण्यासारखा आहे. फोटोग्राफिक फिल्मवरच्या डेटासाठी आणि आजच्या साध्या पीसीपेक्षा दहा हजारपट स्लो कॉम्प्युटरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम इतकी वर्षं टिकला कसा, असा प्रश्न ते स्वतःलाच विचारतात, काय जमलं नाही, कुठले चान्स हुकले तेही सांगतात. असं आपणहून लिहिणारे सायंटिस्ट कमीच. पण गोम आहे ती ॲब्स्ट्रॅक्टच्या शेवटी. तिथे साधारण असं लिहिलंय की शेलएक्सचा एक किंवा जास्त प्रोग्रॅम वापरलात तर जनरल सायटेशन म्हणून हा पेपर चालू शकेल.

एवढंच. एका ओळीने झालं सगळं. त्यात काही चलाखी नव्हती, लोकांना खरंच असा एक पत्ता हवा होता, पेपर तपासणारे रेफरीसुद्धा विचारायचे की सॉफ्टवेअरचा नीट रेफरन्स द्या. आता तो मिळाला. जगभरच्या लॅबमधल्या पोरांनी टेम्प्लेटमधला १९९७ चा रेफरन्स उडवला आणि २००८ चा टाकला. वाक्य तेच, काम तेच, प्रोग्रॅमसुद्धा तोच ९७ चा. फक्त पत्ता बदलला. म्हणजे सायन्समध्ये एका काडीचाही फरक पडला नाही, पण जो पाऊस इतकी वर्षं गावाबाहेर पडत होता तो एकदम एका तळ्यात पडायला लागला.

आता हिशोब. इम्पॅक्ट फॅक्टर २००९ चा काढायचा तर २००७ आणि २००८ या दोन वर्षांत जर्नलने जे काही छापलं त्याला २००९ मध्ये मिळालेली सायटेशन्स वर, आणि त्या दोन वर्षांतले लेख खाली. भागाकार, झालं. शेलएक्सच्या त्या एका पेपरची सायटेशन्स थोड्याच काळात ६,६०० च्या पुढे गेली होती. २००८ मध्ये त्याच जर्नलमध्ये आलेल्या पेपर्सपैकी दोन नंबरच्या पेपरला किती? २८.

ॲव्हरेज कसं वेडं होतं बघा. सोयीसाठी मी गोल आकडे धरते: दोन वर्षांत १४० लेख, प्रत्येकी २ सायटेशन्स, म्हणजे २८०, भागिले १४०, उत्तर २. आता त्यातल्या एकाला ६,६०० मिळाली. बाकी १३९ जणांचे तेच २७८. बेरीज ६,८७८, भागिले १४०, उत्तर ४९ च्या वर. आता त्या १३९ जणांना विचारा तुमचं काय वाढलं, तर काहीच नाही. सगळे लेख चढत्या क्रमाने लावून मधला उचलला, म्हणजे मेडियन घेतला, तर तो आधीही २ आणि नंतरही २.

मला हे शिकवताना कल्याणची ती मॅच आठवते. २०१६ च्या जानेवारीत शाळेच्या मॅचमध्ये प्रणव धनावडेने नाबाद १००९ केले, टीमचा स्कोअर ३ बाद १४६५. आता त्या स्कोअरला खेळायला उतरलेल्या पोरांनी भागून "या शाळेची पोरं सरासरी एवढ्या रन करतात" असं कुणी सांगितलं तर वर्गातलं शेंबडं पोरही हसेल, पण जर्नलच्या बाबतीत आपण वर्षानुवर्षं तेच करतो आणि वर तीन दशांशांपर्यंत करतो. त्या तीन दशांशांचं तर मला कधीच कळलं नाही. २०२३ पासून रिपोर्ट काढणाऱ्यांनीच एकच दशांश ठेवलाय, उशिरा का होईना.

जर्नलवाल्यांचा यात काही दोष होता का? माझ्या मते नाही, आणि इथे एक दुसरं उदाहरण शेजारी ठेवून बघायला हवं. आवाज आणि वाचेच्या विकारांवरचं फोलिया फोनिॲट्रिका एट लोगोपेडिका नावाचं एक छोटं जर्नल आहे. त्यांच्या लोकांनी २००७ मध्ये इम्पॅक्ट फॅक्टरच्या खुळाविरुद्ध एक लेख छापला आणि त्यात आपल्याच जर्नलचे २००५-०६ चे सगळेच्या सगळे, ६६, लेख साईट केले. उघडउघड, सांगून, निषेध म्हणून. आकडा ०.६५५ वरून १.४३९ वर गेला. म्हणजे एका लेखाने दुपटीच्या वर. पुढची दोन वर्षं जर्नलला त्या रिपोर्टमधून वगळलं. ठीक आहे, नियमाने बरोबर. ॲक्टा ए च्या बाबतीत मात्र वगळायचं काय? सायटेशन्स खरी, बाहेरून आलेली, ज्याने त्याने खरंच प्रोग्रॅम वापरून दिलेली. एकही खोटं नाही. सगळं खरं असून निघालेला आकडा निरर्थक, म्हणून तर ही केस भारी आहे. चोरी झाली असती तर आपण चोराला धरून मोकळे झालो असतो.

आणि आपोआप पडणारा पडदाही बघा. विंडो दोन वर्षांची. २००८ चा पेपर २००९ च्या आणि २०१० च्या हिशोबात बसतो, २०११ च्या हिशोबात २००९ आणि २०१० चे पेपर, त्यात तो नाही. तर ॲक्टा ए चे आकडे असे: २००८ ला २.०५१, २००९ ला ४९.९२६, २०१० ला ५४.३३३, आणि २०११ ला २.०७६. परत जागेवर! जत्रा उठल्यावर मैदान दिसतं तसं. आणि गंमत म्हणजे २०११ मध्ये लोक तो पेपर साईट करायचे थांबले नव्हते, उलट जोरात चालू होते. २०१४ मध्ये नेचरने आजवरच्या सर्वात जास्त साईट झालेल्या १०० पेपर्सची यादी काढली तेव्हा हा पेपर १३ व्या नंबरला होता, जवळपास ३८,००० सायटेशन्स, आणि तोवर त्याला सात वर्षंही झाली नव्हती. यादीत पहिला नंबर प्रोटीन मोजायच्या पद्धतीवरच्या १९५१ च्या लॉरीच्या पेपरचा, ३ लाखांच्या वर. ती यादी बघितली की कळतं, वरचे बरेचसे पेपर म्हणजे पद्धती आणि सॉफ्टवेअर, लोकांची रोजची हत्यारं. नोबेलवाले मोठमोठे शोध त्यात शोधावे लागतात. जास्त साईट होणं म्हणजे जास्त थोर असं नसतं, कधीकधी ते स्वयंपाकघरातल्या पक्कडीसारखं असतं, रोज लागते म्हणून हाताशी.

शेल्ड्रिकचाच अजून एक जुना पेपर याच सेक्शन ए मधला, १९९० चा, शेलएक्स-९० मधल्या फेज ॲनिलिंगवर. तोही हजारोंनी साईट झाला, माझ्या गाइडच्या प्रत्येक पेपरात असायचा. पण त्याची सायटेशन्स वर्षानुवर्षं हळूहळू येत राहिली, दोन वर्षांच्या विंडोबाहेर, त्यामुळे इम्पॅक्ट फॅक्टरच्या दृष्टीने बहुतेक सगळी वाया. एकच लेखक, एकच जर्नल, एकाच घराण्यातला प्रोग्रॅम, एक पेपर आकडा पन्नासला नेतो आणि दुसऱ्याचा आवाजसुद्धा येत नाही.

मुळात हा आकडा कशासाठी होता ते पण सांगायला हवं, नाहीतर युजीन गारफिल्ड बिचारे उगाच शिव्या खातात. त्यांनी १९५५ मध्ये सायन्समध्ये सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली, पुढे फिलाडेल्फियात कंपनी काढली, आणि १९६० च्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये कुठली जर्नल्स घ्यायची हे ठरवायला आयर्व्हिंग शेर यांच्याबरोबर हा भागाकार वापरायला घेतला. नुसती एकूण सायटेशन्स बघितली तर जाडजूड जर्नलच पुढे जातात, छोटी चांगली जर्नल्स सुटतात, म्हणून भागायचं. जर्नल निवडायला, लायब्ररीत काय ठेवायचं ते बघायला ठीक हत्यार. १९७५ पासून त्याचे रिपोर्ट निघायला लागले. त्याने माणसं मोजायचं कुणी ठरवलं हा वेगळा विषय.

तर माणसं मोजण्याकडे येते, कारण आमच्या स्टाफरूममध्ये चर्चा लगेच तिकडेच वळली. त्याच महिन्यात, ३० जून २०१० ला, यूजीसीचं ते एपीआयवालं, म्हणजे प्राध्यापकांच्या नेमणुकीला-बढतीला पॉइंट मोजणारं, रेग्युलेशन आलं, ज्यात पेपरच्या पॉइंटना जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे बोनस होता. त्यामुळे सगळ्यांचे डोळे आकड्यांवर. एक सर म्हणाले, "मॅडम, तुमचा पुढचा पेपर तिथेच पाठवा, करिअरचं सोनं." मी म्हटलं, सर, ते आपल्यासारख्यांची साधी स्ट्रक्चर घेतच नाहीत, ती जातात सेक्शन सी ला नाहीतर ई ला, ए मध्ये थिअरी लागते. "मग थोडी थिअरी घाला की!" हसलो सगळे. पण ते पूर्ण चेष्टेत म्हणत नव्हते हे मला माहितीय आणि त्यांनाही.

२०१८ च्या नियमातला तक्ता घेऊन मी एकदा सहज हिशोब केला होता. त्यात इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या रेफरीड जर्नलच्या पेपरला ५ पॉइंट, १ च्या खाली असेल तर १०, १ ते २ ला १५, २ ते ५ ला २०, ५ ते १० ला २५ आणि १० च्या वर ३०. (नियमात लिहिलंय थॉमसन रॉयटर्सच्या लिस्टप्रमाणे, आणि थॉमसन रॉयटर्सने तो धंदा २०१६ लाच विकून टाकलेला, आता क्लॅरिव्हेट. असो.) समजा हा तक्ता तेव्हा असता. कुणा एकीचा सिमेट्रीवरचा पेपर ॲक्टा ए मध्ये आला, २ सायटेशन्सवाला, आणि फॉर्म भरताना चालू रिपोर्ट ४९.९२६ वाला असला तर ३० पॉइंट. तिच्याच मैत्रिणीचा तसाच पेपर, त्याच जर्नलमध्ये, तितकाच चांगला किंवा तितकाच बेताचा, पण फॉर्म भरताना रिपोर्ट २.०७६ चा, तर २०. दहा पॉइंट कुणामुळे मिळाले? ग्योटिंगेनमध्ये बसलेल्या एका माणसाच्या प्रोग्रॅममुळे, जो कदाचित दोघींनी त्या पेपरात वापरलाही नसेल. स्क्रुटिनी कमिटीपुढे हे कुणी सांगायचं आणि ऐकायचं कुणी, तिथे फाइलवर शिक्का पडला की विषय संपला.

या असल्या गोष्टींवर बोंब बरीच झाली. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत संशोधक आणि एडिटर लोक जमले आणि जाहीरनामाच काढला की जर्नलच्या आकड्यावरून एकेका माणसाची किंवा पेपरची किंमत करू नका. लोकांनी सह्या केल्या. आपल्याकडेही भाषणात सगळे हेच बोलतात आणि मग फॉर्ममध्ये इम्पॅक्ट फॅक्टरचा कॉलम तसाच. माझी मागणी फार छोटी आहे: आकडा छापायचाच असेल तर शेजारी मेडियन छापा, आणि किती पेपरना शून्य सायटेशन ते छापा. ॲक्टा ए च्या नावापुढे ४९.९२६ आणि बाजूला एक किंवा दोन दिसला असता तर सरांना दशांश चिन्हावर संशय घ्यायची वेळच आली नसती, कुणीही बघून म्हणालं असतं, अच्छा, एक मोठा मासा आहे आत.

पुढे काय झालं तेही सांगते. २०१५ मध्ये शेल्ड्रिकनी परत दोन पेपर लिहिले, यावेळी वाटून, स्ट्रक्चर सोडवणाऱ्या शेलएक्सटी या नव्या प्रोग्रॅमवरचा सेक्शन ए मध्ये आणि शेलएक्सएल वरचा सेक्शन सी मध्ये, दोन्हींची पानं योगायोगाने ३ ते ८. दोन्ही जर्नल्सचे आकडे परत चढले, पण पन्नास वगैरे नाही, दहाच्या आतच, आणि तोवर क्रिस्टलवाले शहाणे झाले होते, कुणी प्रिंट घेऊन धावत आलं नाही. २०२५ मध्ये शेल्ड्रिक गेले. आमच्या छोट्याशा ग्रुपवर दिवसभर मेसेज येत होते, बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

मागच्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी पहिल्या पेपरचा ड्राफ्ट घेऊन आली. कॉपर कॉम्प्लेक्स, आर व्हॅल्यू ३.८, छान काम. एक्सपेरिमेंटलमध्ये तेच वाक्य, डायरेक्ट मेथड वगैरे, सीनियरच्या थिसिसमधून उचललेलं, आणि रेफरन्स १९९७, ग्योटिंगेन. मी म्हटलं, अगं, तू तर शेलएक्सटी वापरलंस, ते डायरेक्ट मेथड नाही, वाक्य बदल. "आणि मॅडम, रेफरन्स कुठला टाकू? २००८ चा?" म्हटलं, जे वापरलंस त्याचा टाक, २०१५ चे दोन्ही. तिने तिथेच बसून टाकले, एक ए चा, एक सी चा, मग फोनवर शोधून विचारते, "याने त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर वाढेल ना?" आता २०१५ चे पेपर, विंडो दोन वर्षांची. म्हटलं नाही गं, एक पैशानेही नाही. मग तिने तळाला जाऊन पान नंबर तपासले आणि फाइल सेव्ह केली.